शेजारच्या सीटवरचे मुकादमभाई

मुकादमभाईंना स्वस्थ बसता येत नसे. माझ्या गाडीत ते जवळजवळ तीन वर्षं शेजारच्या सीटवर बसले. बसले म्हणजे आपलं म्हणायला. एक गुडघा सतत हलायचा. बोटं डॅशबोर्डवर ठेका धरायची. पट्टा लावला की तो ओढून बघायचा, काच खाली करायची, पुन्हा वर करायची, एसीची जाळी आपल्याकडून माझ्याकडे आणि माझ्याकडून आपल्याकडे फिरवायची. सिग्नलला गाडी थांबली की त्यांचा जीव कासावीस व्हायचा. "चला हो, यल्ला," असं ते थेट लाल दिव्यालाच सांगायचे. माझी मुलगी ईरा एकदा मागच्या सीटवरून म्हणाली, "ममा, अंकल कान्ट सिट स्टिल. लाइक मी इन मॅथ्स क्लास." मुकादमभाई मागे वळले आणि म्हणाले, "बरोबर आहे बेटा. फरक एवढाच, मला कोणी वर्गाबाहेर काढत नाही."

शारजात अल नहदामध्ये आम्ही एकाच इमारतीत राहत होतो. ते मूळचे रत्नागिरीकडचे, खाडीकाठच्या गावातले. जबल अलीला जहाजांवरचे रडार दुरुस्त करणाऱ्या एका छोट्या कंपनीत सर्व्हिस इंजिनिअर होते. मला जबल अलीच्याच फ्री झोनमध्ये नोकरी लागली तेव्हा लायसन्स नुकतं कुठे हातात आलं होतं. नवरा रुवैसच्या साइटवर, आठवड्यातून एकदा घरी येणारा. थ्री-इलेव्हन हायवेवर ट्रेलरच्या रांगांमध्ये गाडी घालायची, ही कल्पनाच झेपत नव्हती. लिफ्टमध्ये आईशी फोनवर हे रडगाणं गात होते, ते त्यांनी ऐकलं असणार. संध्याकाळी बेल वाजली. दारात मुकादमभाई, हातात सलमाभाभींनी दिलेला सांदणांचा डबा.

"ताई, तुमच्याकडे गाडी आहे, माझ्याकडे रस्ता आहे. एकत्र जायचं का?"

"पण भाई, तुम्ही स्वतः का नाही चालवत?"

"कंटाळा," ते म्हणाले आणि लगेच ईराला सांदण खायला लावायच्या मागे लागले. ज्या माणसाला दोन मिनिटं एका जागी उभं राहवत नाही त्याला गाडी चालवायचा कंटाळा कसा, हे तेव्हा माझ्या डोक्यात आलं नाही. मला सोबत हवी होती, ती मिळाली.

त्यांची शिकवायची पद्धत अजब होती. ते ओरडत नसत, घाबरवत नसत. हायवेवर चढलो की आवाज एकदम खाली यायचा. "आरसा बघा. आता नको. पांढरी व्हॅन जाऊ दे. आता." बस, एवढंच. रस्ता त्यांना तोंडपाठ होता. कुठे लेन संपते, कुठे कंपन्यांच्या बसेस उजवीकडून अचानक घुसतात, सगळं. महिनाभरात माझ्या लक्षात आलं की लेन बदलताना त्यांचा गुडघा थांबतो. लेन बदलून झाली की पुन्हा सुरू.

गुडघा थांबायचा आणखी एक प्रसंग होता. दुसऱ्या महायुद्धातल्या, रडार बसवलेल्या रात्रीच्या लढाऊ विमानांचा विषय निघाला की. विषय निघायचा म्हणजे तेच काढायचे. पहिल्यांदा मला वाटलं, पुरुषांना असतो तसा युद्धाचा नाद असेल. मग एका सकाळी त्यांनी आजोबांची गोष्ट सांगितली. आजोबा बोटीवर आगवाला होते, इंजिनाच्या भट्टीत कोळसा टाकणारे. महायुद्धात जपानी विमानं कलकत्त्यावर रात्री बॉम्ब टाकायची, तेव्हा त्यांची बोट तिथल्या गोदीत अडकली होती. एका रात्री सायरन वाजला, दिवे गेले. सगळे खलाशी आडोशाला पडून वर बघत होते. वर काही म्हणजे काही दिसत नव्हतं, नुसती घरघर. आणि एकदम आभाळात एक जपानी विमान पेटलं, ब्रिटिशांच्या लढाऊ विमानाने पाडलेलं.

"आजोबा मरेपर्यंत एकच विचारायचे," मुकादमभाई म्हणाले. "'त्या काळोखात त्येला दिसला कसा रे?' गावात सांगणारं कोण? मी आठवीत होतो. म्हटलं, मीच शोधतो."

त्या शोधातूनच ते रडार इंजिनिअर झाले होते. उत्तर त्यांना कधीच मिळालं होतं, पण तेवढ्यावर थांबले तर ते मुकादमभाई कसले. त्या विमानांबद्दल मिळेल ते वाचत राहिले आणि ते सगळं रोज सकाळी माझ्या गाडीत येत राहिलं. ब्रिटिशांनी आधी हे यंत्र ब्लेनहाइम नावाच्या विमानात बसवलं. यंत्राला शत्रू दिसायचा, पण विमानच इतकं संथ की तिथे पोचेपर्यंत पाखरू भुर्र. मग ब्यूफायटर आलं, ताकदीचं, पोटाखाली चार तोफा. पुढे वैमानिक, मागे रडारवाला. हा मागचा माणूस रबराच्या मुखवट्यात तोंड खुपसून दोन छोट्या पडद्यांकडे बघत बसायचा. एका पडद्यावरून कळायचं, शत्रू डावीकडे की उजवीकडे. दुसऱ्यावरून, वर की खाली. जमिनीकडून येणारा प्रतिध्वनी इतका जबर, की विमान जेवढं उंच तेवढ्याच लांबचं दिसायचं. त्यापलीकडे सगळा गोंधळ.

"आणि खरी गंमत पुढे आहे," ते म्हणायचे. गंमत हा शब्द ते भलत्याच ठिकाणी वापरत. "फार जवळ गेलं की पडद्यावरचा ठिपकाच गायब! म्हणजे शेवटचा पल्ला डोळ्यांनीच गाठायचा. मागचा माणूस सांगणार, थोडं डावीकडे, थोडं वर, हळू, हळू. पुढच्याला काही दिसत नाही, तरी तो ऐकणार. आणि मग त्याला काळ्यात काळं काहीतरी दिसणार, इंजिनाची एखादी निळसर धग. ते आपलंच विमान नाही ना, ही खात्री करायची आणि मग तोफ."

त्यांचा हा नाद कुठेही उफाळून यायचा. आमच्या स्वयंपाकघरात चहा गरम करायला मायक्रोवेव्ह लावला, तर ते त्याला टेकून उभे राहिले. "ताई, यात मॅग्नेट्रॉन बसलाय, लहरी तयार करणारा. याच्यामुळे रडार आखूड लहरींवर आलं, विमानाच्या नाकात थाळी बसली, टॉर्चसारखा झोत मारता यायला लागला. आणि तुम्ही त्यात कालचा चहा गरम करता!" ईरा गाजर खात नाही म्हणून मी कुरकुर करत होते, तर तिला सांगितलं की ब्रिटिशांनी आपलं रडार लपवायला हीच थाप मारली होती: आमचे वैमानिक गाजरं खातात म्हणून त्यांना अंधारात दिसतं. "म्हणजे गाजराने डोळे सुधारत नाहीत?" मी विचारलं. "नाही," म्हणाले. "गाजराने काही होत नाही." आणि कप तसाच ठेवून निघून गेले.

आमच्या मराठी मंडळात या विषयावर बोलायचं त्यांनी केव्हाच कबूल केलं होतं. पण भाषण तयार होईना. आज जर्मनांच्या विमानांची भर, नाकावर हरणाच्या शिंगांसारख्या अँटेना आणि त्यांनी कमी झालेला वेग. उद्या बॉम्बफेकी विमानांतून खाली सोडलेल्या चकचकीत पट्ट्यांची, ज्यांनी रडारचा पडदा खोट्या ठिपक्यांनी भरून जायचा. सलमाभाभी म्हणायच्या, "यांचं भाषण म्हणजे आमच्या गावच्या घराचं बांधकाम. इन्शाल्ला पुढच्या वर्षी."

मग ती धुक्याची सकाळ आली. हिवाळ्यात इथे धुकं पडतं, पण त्या दिवशी अल नहदातून निघालो तेव्हा आभाळ साफ होतं. थ्री-इलेव्हनवर बरंच पुढे गेल्यावर दोघांच्याही मोबाइलनी धोक्याचा कर्कश भोंगा दिला, आणि जणू त्याचीच वाट बघत असल्यासारखं समोर पांढरं झालं. पुढच्या ट्रकचे दिवे गेले. रस्ता गेला. माझं स्वतःचं बॉनेट जेमतेम दिसत होतं. माझा पाय आपोआप ब्रेककडे गेला.

"थांबू नका." तोच खालचा आवाज. "रस्त्यात थांबलो तर मागचा अंगावर येईल. वेग असाच ठेवा, हळू पण असाच." त्यांनी काच खाली केली. मोबाइलवरचा नकाशा डोळ्यांजवळ धरला. "पुढे एक्झिट आहे, पेट्रोल पंपाचा. आपण बाहेर पडायचं. उजवीकडे ट्रेलर आहे, ऐकू येतो?"

"भाई, मला काही दिसत नाहीये."

"ठीक आहे. तो पुढे जाऊ दे. जातोय... गेला. आता उजवीकडे. हळू. अजून एक लेन. पिवळी रेघ दिसते का?"

"दिसते."

"मला नाही दिसत. तुम्ही रेघ सांगत राहा, मी वळण सांगतो."

अशा रीतीने, रेघ आणि वळण एकमेकांना सांगत, आम्ही पंपावर पोचलो. मी हँडब्रेक ओढला आणि इंजिन बंद केलं. मागे, हायवेच्या बाजूला, लोखंड लोखंडावर आदळल्याचा आवाज आला. थोड्या वेळाने आणखी एक. मग कितीतरी हॉर्न एकदम.

त्यांनी करक चहाचे दोन कागदी कप आणले. आणताना एक वाटेतल्या पाइपला धडकून सांडला, पुन्हा जाऊन दुसरा आणला. आम्ही गाडीत बसून राहिलो. मी पाहिलं, त्यांचा गुडघा हलत नव्हता.

"ताई, आज आपण दोघं सारखे होतो," ते म्हणाले. "रोज मी एकटा असतो."

मला कळलं नाही. मग त्यांनी सांगितलं. माझ्या गाडीत यायला लागण्याच्या आधी, एकदा मगरिबच्या, दिवेलागणीच्या सुमाराला, अल नहदातच त्यांच्या गाडीचा एका सायकलवाल्याला धक्का लागला होता. तो माणूस खरचटण्यावर वाचला. पण यांनी त्याला पाहिलंच नव्हतं. आवाज झाल्यावर कळलं. डॉक्टरांनी तपासून सांगितलं की डोळ्यांच्या पडद्याचा आजार आहे. आधी अंधारातलं दिसेनासं होतं, मग कडेचं. शेवटी नळीतून बघितल्यासारखं उरतं, आणि नळी बारीक होत जाते. त्याच दिवशी त्यांनी गाडीची किल्ली ठेवून दिली होती.

"भाभींना माहीत आहे?"

"तिला सगळं माहीत आहे. ती मला जेवताना पाण्याचा ग्लास हातात देते आणि दुसऱ्याच विषयावर बोलते."

"आणि ऑफिसात?"

गुडघा पुन्हा सुरू झाला. "सांगितलं की खलास. नोकरी गेली की व्हिसा गेला. गावाला जाऊन काय करू? अंगणात खुर्ची टाकून बसू? मी? बसू?"

यानंतरचे महिने त्यांनी नुसते पळून काढले. इमारतीच्या खाली फेऱ्या मारत, जिने चढत-उतरत, सुट्टीच्या दिवशीही काहीतरी काम काढून जबल अलीला जात. मी विषय काढला की म्हणायचे, "हे वर्ष जाऊ दे." मी काढणं सोडलं नाही, त्यांनी टाळणंही. एकदा आमचं चांगलंच वाजलं. मी म्हटलं, तुम्ही जहाजाच्या शिडीवरून पडाल एखाद्या दिवशी. ते म्हणाले, "पडलो तर मी पडेन. तुमचं काय जातं?" दोन दिवस गाडीत फक्त "आरसा बघा" आणि "आता."

शिडीवरून ते पडले नाहीत. झालं ते वेगळंच. एका जहाजावर त्यांचा जोडीदार, जोसेफ नावाचा मल्याळी तंत्रज्ञ, डोलकाठीवर चढून रडारच्या फिरत्या दांड्याचं काम करत होता. असं कोणी वर असलं की खालच्या बटणापाशी 'सुरू करू नका' अशी पाटी टांगतात. पाटी टांगलेली होती, पण डाव्या बाजूला, आणि काचेवर पडदे ओढलेल्या त्या केबिनमध्ये उजेड कमी होता. मुकादमभाई उन्हातून आत आले. त्यांना पाटी दिसली नाही. काम उरकलं असं समजून त्यांनी बटण दाबलं. दांडा फिरला आणि जोसेफच्या खांद्यावर बसला. कमरेला पट्टा होता म्हणून तो लटकला, खाली आला नाही. खांदा निखळला.

त्या संध्याकाळी ते गाडीत बसले आणि पट्टा लावायचाच विसरले. मी लावून दिला.

"जोसेफ म्हणाला, चूक झाली, होतं. रिपोर्टमध्ये पाटी पडली असं लिहू या." ते समोर बघत होते. "ताई, तो वर चढतो ते माझ्या भरवशावर. मी त्याला म्हटलं, पाटी पडली नव्हती."

"मग?"

"मग मॅनेजरकडे गेलो. डोळ्यांचे कागद पुढे ठेवले. सगळं सांगितलं." आणि अल बर्शाच्या पुढे आल्यावर, "खूप दिवसांनी झोप लागेल आज."

कंपनीने बोल लावला नाही, पण नोकरी अर्थातच राहिली नाही. आता गावी परत जायचं होतं. निघायच्या आधीच्या शुक्रवारी, अल बर्शातल्या एका हॉलमध्ये, ते भाषण अखेर झालं. प्रोजेक्टरसाठी दिवे मंद केले होते. व्यासपीठाच्या पायऱ्यांपाशी ते अडले. मी शेजारी जाऊन उभी राहिले आणि हळूच म्हटलं, "पायरी. अजून एक. माइक उजवीकडे." ते हसले नाहीत, त्यांनी फक्त ऐकलं आणि केलं.

बोलले मात्र झकास. गाजराच्या थापेला लोक हसले, ठिपका गायब होतो तिथे पुढे झुकून ऐकू लागले. शेवटी पुढच्या रांगेतल्या एका गृहस्थांनी उत्साहाने विचारलं, "सर, अशी एकूण किती विमानं पाडली असतील हो?"

मुकादमभाईंनी माइकची वायर बोटाला गुंडाळली, सोडली, पुन्हा गुंडाळली. मग म्हणाले, "आकडे पुस्तकात मिळतील. मी तुम्हाला आजोबांचं सांगतो. कलकत्त्याला ते विमान पेटलं तेव्हा सगळी गोदी ओरडत होती, टाळ्या वाजवत होती. आपल्याच डोक्यावर बॉम्ब टाकायला आलेलं, मग काय! पण आजोबा आगवाला. सगळं आयुष्य भट्टीच्या तोंडाशी गेलेलं. त्यांना आग म्हणजे काय ते माहीत होतं. ते म्हणायचे, माझे हात उठलेच नाहीत, आत पोरं असणार. आणि पुढल्या श्वासाला म्हणायचे, तो पाडला म्हणून मी घरी आलो, नाहीतर तुझा बाप झाला नसता." वायर सोडून ते म्हणाले, "मला दोन्ही खरं वाटतं. म्हणूनच हे भाषण कधी पुरं होत नव्हतं. आजही झालेलं नाही. शुक्रिया." आणि खाली उतरायला निघाले.

त्यांना सोडायला मी शारजा विमानतळावर गेले. दुपारची वेळ, बाहेर डोळे दिपवणारं ऊन. आत शिरल्यावर त्यांना काही मिनिटं काहीच दिसत नसे. ते माझा दंड धरून उभे राहिले, एका पायावरून दुसऱ्या पायावर भार टाकत. काउंटरवरच्या मुलीने व्हीलचेअरचं विचारलं. ते भडकले. "मी चालत जाणार. चालणंच उरलंय, ते पण घेता?" भाभींनी त्या मुलीकडे बघून हात जोडले आणि ट्रॉली पुढे घेतली.

पुढे मला जायला परवानगी नव्हती. "गाडी नीट चालवा," ते म्हणाले. "आणि सिग्नलला शिव्या द्यायला कोणी नाही, तर तुम्ही देत जा." ते दोघं दोरीच्या रांगेत शिरले. वाटेत ते एका खांबाला धडकले आणि त्याला अगदी अदबीने "सॉरी हबीबी" म्हणाले. मला हसू फुटलं आणि त्याच हसण्यात रडूही.

पार टोकाशी पोचल्यावर ते वळले. मला शोधत होते. मी निळा कुडता घातला होता. माझ्यापासून बऱ्याच अंतरावर एक फिलिपिनो कुटुंब कोणालातरी सोडायला आलं होतं, आजी, आई, दोन पोरं. आईच्या अंगात निळा टॉप. मुकादमभाईंना तो निळा रंग सापडला. त्यांचा चेहरा उजळला आणि ते हात उंच करून त्या कुटुंबाकडे बघून जोरजोरात हलवू लागले. त्या लोकांनी आधी मागे वळून पाहिलं, कोणाला म्हणून. मग आजीने हात वर केला. पोरांनीही केला. सगळे त्यांना हात हलवायला लागले.

मी ट्रॉल्या चुकवत धावले, आणि त्या आजीच्या शेजारी जाऊन उभी राहिले.